पाचवं चाक

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. तुमच्याकडे चारचाकी असेल, तर तिच्या स्टेपनीत शेवटची हवा कधी भरली होती, आठवतं का? तुमचं उत्तर मला इथे ऐकू येणार नाही, पण अंदाज आहे. काही वर्षांपूर्वी हाच प्रश्न मला कुणी विचारला असता, तर मीही डोकंच खाजवलं असतं. मी विज्ञानाचा शिक्षक. पस्तीस वर्षं मुलांना हवेचा दाब शिकवला. पण स्वतःच्या गाडीच्या पाचव्या चाकात किती दाब आहे, हे बारा वर्षांत एकदाही पाहिलं नाही. त्याची शिक्षा मला झाली असती तर काही वाटलं नसतं. ती माझ्या पत्नीला झाली.

आम्ही राहतो कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरच्या मलकापुरात. पत्नीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिला डायलिसिससाठी कोल्हापूरला न्यावं लागतं. एका वेळी चार तास. सकाळी आठची वेळ, आणि तिच्यानंतर त्याच यंत्रावर दुसरा रुग्ण. म्हणजे आपण उशिरा पोचलो तर आपलेच तास कमी होतात, दुसऱ्याचे घेता येत नाहीत.

२०२२ सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. पाऊस लागलेला. रस्त्याच्या रुंदीकरणाचं काम चालू होतं. बांबवड्याच्या अलीकडे पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचं डावं चाक आदळलं आणि टायरची बाजूच फाटली. मी उतरलो. भिजत भिजत नट सैल केले, जॅक लावला, डिकीतलं सामान रस्त्यावर काढून स्टेपनी बाहेर घेतली. ती जमिनीवर ठेवली तेव्हाच हाताला कळलं. चाक आपल्याच वजनाने चेपलं होतं. बारा वर्षं डिकीच्या पोटात पडून पडून तिच्यातली हवा कधी निघून गेली, पत्ताच नव्हता.

भाजी घेऊन चाललेल्या एका टेम्पोवाल्याने आम्हाला कोल्हापूरला पोचवलं. दीड तास उशीर. चार तासांच्या ठिकाणी जेमतेम अडीच तास डायलिसिस झालं. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना पुढचं सांगायला नको. अंगातलं पाणी पुरतं निघालं नाही. पुढच्या शुक्रवारपर्यंत तिला आडवं पडलं की दम लागायचा. तिन्ही रात्री तिने उशांना टेकून, बसून काढल्या. ती मला एका शब्दाने बोलली नाही. मीच उठून दोनदा डिकी उघडून बघितली, जणू आता बघून काही होणार होतं.

मुलगा पुण्यात असतो. त्याला कळलं तेव्हा तो म्हणाला, "बाबा, तुम्ही अडुसष्ट वर्षांचे. पावसात रस्त्याच्या कडेला बसून चाक बदलायचं हे तुमचं वय नाही. माझ्या गाडीला रनफ्लॅट टायर आहेत. हवा गेली तरी गाडी चालते. स्टेपनीच लागत नाही. ही तुम्ही घ्या, मी दुसरी बघतो."

मी म्हटलं, "आणि त्या टायरला काही झालं तर?"

"म्हणजे काय? झालं तरी चालतो, तेच तर सांगतोय!"

हा वाद आमच्या घरी दोन-तीन महिने चालला. आणि वाद घालायचा तर नीट माहिती घेऊन घालावा, या शिक्षकी खोडीने मी थोडा अभ्यास केला. तो तुम्हालाही सांगतो.

गाडीचं वजन रबर पेलतं असं आपल्याला वाटतं. ते खरं नाही. वजन पेलते ती आतली हवा. समजा गाडीचं वजन ११०० किलो आहे. म्हणजे एका चाकावर सुमारे २७५ किलो. आपण पंपावर '३२ भरा' म्हणतो, तो दाब होतो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो. भागाकार करा. एका चाकाचा रस्त्याला टेकणारा भाग येतो साधारण १२० चौरस सेंटिमीटर. आपलं टपालाचं पोस्टकार्ड घ्या, तेवढाच. अशा चार पोस्टकार्डांवर आपलं सगळं कुटुंब ताशी ऐंशीच्या वेगाने चाललेलं असतं. हवा गेली की टायरच्या बाजूच्या भिंती धातूची रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चिरडल्या जातात, आणि थोडं अंतर गेलं तरी टायरच्या चिंध्या होतात.

रनफ्लॅट टायरमध्ये या बाजूच्या भिंतीच जाड आणि ताठ केलेल्या असतात. हवा नसताना त्याच गाडीचं वजन तात्पुरतं पेलतात. तात्पुरतं हा शब्द महत्त्वाचा. कंपन्या साधारणपणे सांगतात ते असं, की हवा पूर्ण गेल्यावर ताशी ८० किलोमीटरच्या आत, जास्तीत जास्त ८० किलोमीटर जा. गाडीत ओझं जास्त असेल तर त्याहूनही कमी. याचं कारण उष्णता. लोखंडी तार एकाच जागी वाकवत राहिलं की तापते, तशी प्रत्येक फेऱ्याला वाकणारी ती भिंत तापत जाते आणि शेवटी आतून मोडते.

यात एक गंमत आहे. रनफ्लॅट इतका ताठ असतो, की हवा गेलेली चालकाला कळतच नाही. म्हणून अशा गाडीत दाबाची सूचना देणारी यंत्रणा असावीच लागते. काही गाड्यांत चाकाच्या आत दाब मोजणारा सेन्सर असतो. काही गाड्यांत चाकांचे फेरे मोजतात. हवा कमी झालेल्या चाकाची त्रिज्या थोडी घटते, त्यामुळे तेवढंच अंतर जायला ते इतर तिघांपेक्षा जरा जास्त फिरतं. तेवढ्यावरून संगणक ओळखतो. मला स्वतःला ही युक्ती फार आवडली. नववीच्या वर्गात सांगण्यासारखी आहे.

ही कल्पना नवीन नाही. ब्रिटनच्या डनलॉप कंपनीने १९७०च्या दशकातच 'डेनोव्हो' नावाचा, पंक्चर झाल्यावरही चालणारा टायर काढला होता. १९९७ च्या शेव्हरोले कॉर्व्हेट मोटारीला कारखान्यातूनच रनफ्लॅट टायर येऊ लागले, आणि तिच्यात स्टेपनी ठेवलीच नाही. पुढे बीएमडब्ल्यूने आपल्या बऱ्याच गाड्यांना हे टायर लावले आणि आपल्याकडे हे नाव लोकांच्या तोंडी आलं.

आणि स्टेपनी? हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की तो कुठून आला हे कुणी विचारत नाही. १९०४ साली वेल्समधल्या लानेली गावात थॉमस मॉरिस डेव्हिस नावाच्या माणसाने जादा चाक तयार केलं. त्या काळी मोटारीबरोबर जादा चाक येतच नसे. पंक्चर झालं की रस्त्यातच टायर उतरवून ठिगळ लावायचं. डेव्हिसने हवा भरलेला टायर चढवलेली एक रिकामी रिम बनवली. ती पंक्चर झालेल्या चाकालाच बाजूने अडकवायची आणि पुढे निघायचं. त्याचं दुकान होतं स्टेपनी स्ट्रीटवर. त्या गल्लीचं नाव चाकाला मिळालं, चाक जगभर गेलं, आणि आपल्याकडे नाव कायमचं राहिलं. गंमत बघा, त्या पहिल्या स्टेपनीची कल्पनासुद्धा 'थोडं अंतर निभावून न्या' एवढीच होती.

तर शेवटी २०२३ च्या जानेवारीत मुलाची गाडी आमच्या दारात आली. म्हटलं, वापरून तर बघू. गाडी ऐसपैस, पत्नीला बसायला उत्तम. खड्ड्यांत जरा कडक वाटायची. ताठ भिंतींचा तो गुण. तिची एवढीच तक्रार की, "आपल्या जुन्या गाडीत रस्ता कमी लागायचा."

मार्च महिन्यातला मंगळवार. उसाचा हंगाम संपत आलेला, रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची ये-जा. बांबवडं ओलांडल्यावर समोर दिवा लागला आणि टिंग टिंग वाजलं. उजवं मागचं चाक. हवा झपाट्याने उतरत होती. थांबून बघितलं, टायरमध्ये बोटाएवढा लोखंडी तुकडा घुसलेला. पण गाडी उभी होती. खरंच उभी होती! कोल्हापूर पस्तीस किलोमीटरच्या आत. मी वेग पन्नासच्या आत ठेवला. पत्नी शेजारी पदराचं टोक मुठीत धरून बसलेली. मी आकडे मोजत होतो, ती बहुधा देवाचं नाव घेत होती. आठला दहा मिनिटं कमी असताना आम्ही रुग्णालयाच्या दारात होतो. चारच्या चार तास डायलिसिस झालं.

त्या सकाळी मी मुलाला फोन करून सांगितलं, "तू जिंकलास."

पण श्रोतेहो, दुपारी गोष्ट बदलली.

डायलिसिस चालू असताना मी गाडी घेऊन टायरच्या दुकानात गेलो. दुकानदार केरळचा. आपल्या महामार्गांवर पंक्चरचे धंदे करणारे पुष्कळ जण तिकडचे असतात, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णाने टायर रिमवरून उतरवला आणि आतून हात फिरवून मला तळवा दाखवला. तळव्यावर काळा भुगा होता. म्हणाला, "सर, बाहेरून चांगला, आतून संपला. ह्याचं पंक्चर काढून मी तुम्हाला देणार नाही."

त्याचं बरोबर होतं. काही कंपन्या ठरावीक अटींवर रनफ्लॅटची दुरुस्ती चालेल असं म्हणतात. पण हवा गेल्यावर चालवलेल्या टायरची भिंत आतून किती खचली आहे हे बाहेरून कळत नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी तो बदलाच असं सांगतात. म्हणजे साध्या ट्यूबलेस टायरला जे पंक्चर शे-दोनशे रुपयांत निघालं असतं, त्यासाठी इथे नवा टायर. त्या एका टायरच्या किमतीत माझ्या जुन्या गाडीचे तीन आले असते. तेही सोडा. त्या मापाचा रनफ्लॅट त्या दिवशी अण्णाकडे नव्हता आणि त्याने फोन केलेल्या चार दुकानांतही नव्हता. मुंबईहून मागवावा लागला. तो आला शनिवारी.

तोवर गाडी अण्णाच्या दुकानाबाहेर विटांवर. आम्ही त्या दिवशी भाड्याच्या गाडीने घरी आलो. शुक्रवारचं काय, या काळजीत बुधवार आणि गुरुवार गेले. गावात गाड्या आहेत, पण लग्नसराई होती. पहाटे साडेसहाला कोण येणार? शेवटी शेजारच्या एका मुलाने आपली गाडी काढली. त्यासाठी त्याने कामावर खाडा केला. त्याने पैसे घेतले नाहीत, हे मला अजून सलतं.

त्या चार दिवसांत मला जे कळलं, ते सांगण्यासाठी आज मी इथे आलो. रनफ्लॅट की स्टेपनी, यात चांगलं कोणतं, हा प्रश्नच अपुरा आहे. दोघं दोन वेगळ्या वेळांना कामाला येतात. रनफ्लॅट पंक्चरनंतरचा पहिला तास सांभाळतो. त्या तासापुरता त्याच्यासारखा सोबती नाही. स्टेपनी तो तास सांभाळताना त्रास देते. भिजवते, हात काळे करते, कंबर धरायला लावते. पण पूर्ण आकाराची धड स्टेपनी असेल, तर पुढचे दिवस ती सांभाळते. तुम्हाला कोणत्या वेळेची भीती जास्त आहे, हे आधी ठरवायला हवं.

माझी एक भाची मुंबईत नोकरी करते आणि आठवड्याला द्रुतगती मार्गाने एकटी पुण्याला येते, बऱ्याचदा रात्री. तिला मी डोळे झाकून रनफ्लॅट घे म्हणेन. जिथे मागून गाड्या सुसाट येतात, तिथे कडेला बसून चाक बदलणं हाच मोठा धोका आहे. समृद्धी महामार्गासारख्या रस्त्यावरही तेच. शिवाय तिच्या प्रवासाच्या दोन्ही टोकांना मोठी शहरं आहेत. टायर नाही मिळाला तर ती दुसऱ्या दिवशी रेल्वेने जाईल. तिचं काही अडणार नाही.

आमचं उलट आहे. आमचा रस्ता दिवसाचा आणि ओळखीचा. दर दोन-चार किलोमीटरवर वस्ती, हात दाखवला तर थांबणारी माणसं. तिथला तास निघतो. पण दुकान लांब, खास मापाचा टायर त्याहून लांब, आणि पुढचा डायलिसिस तीन दिवसांवर. तो चुकवता येत नाही.

आता तिसरी एक गोष्ट आली आहे, तिच्याबद्दल सावध करतो. आपल्याकडे पूर्वी नव्या मोटारीबरोबर स्टेपनी द्यावीच लागे. २०२० मध्ये केंद्र सरकारने नियम बदलला. साडेतीन टनांच्या आतल्या प्रवासी मोटारीला ट्यूबलेस टायर असतील, आणि गाडीत दाबाची सूचना देणारी यंत्रणा व टायरदुरुस्तीचा संच असेल, तर स्टेपनी नसली तरी चालते. म्हणजे तुम्ही घेतलेल्या नव्या गाडीत रनफ्लॅटही नसेल आणि स्टेपनीही नसेल, असं होऊ शकतं. डिकीत असेल एक छोटा पंप आणि एक बाटली द्रव. खिळ्याच्या भोकाला तो द्रव उत्तम. पण खड्ड्याच्या कडेने टायरची बाजू फाटली, तर त्या बाटलीचा काही उपयोग नाही. माझी ऑगस्टमधली फाटलेली भिंत आठवा. तेव्हा गाडी घेताना रंग नंतर बघा, आधी डिकीचा तळ उचलून बघा.

काही गाड्यांत स्टेपनी असते, पण बारीक. तिच्यावर वेगमर्यादा लिहिलेली असते, बहुधा ताशी ८० किलोमीटर. ती फक्त दुकानापर्यंत जायला. आणि आणखी एक. रनफ्लॅट महाग पडतात म्हणून पुष्कळ जण तीच गाडी साध्या टायरांवर आणतात. मग पुढे काय याचा विचार करत नाहीत. त्या गाडीच्या डिकीत स्टेपनीसाठी खळगाच नसतो. तसं करायचं असेल तर जादा चाक किंवा निदान दुरुस्तीचा संच बरोबर ठेवायलाच हवा.

आम्ही मुलाची गाडी परत केली. तो जरा नाराज झाला, पण त्याच्या आईने त्याची समजूत काढली. साधी छोटी गाडी घेतली. साधे ट्यूबलेस टायर, जे बांबवड्यातही मिळतात. दाब दाखवणारी यंत्रणा. छोटा विजेचा पंप. आणि बाकीच्या चारांच्याच मापाची पूर्ण स्टेपनी. मुलाचं म्हणणंही मी सोडून दिलं नाही. अडुसष्टाव्या वर्षी चाक उचलणं खरंच अवघड आहे. म्हणून लांब दांड्याचा पाना घेतला, ज्यावर पायाने जोर देता येतो. शेजारच्या त्या मुलाला आणि वाटेवरच्या दोन पंक्चरवाल्यांना सांगून ठेवलं. त्यांचे नंबर कागदावर लिहून गाडीच्या कप्प्यात ठेवले. मोबाइल बंद पडला तरी कागद बंद पडत नाही. घरातून अर्धा तास लवकर निघतो. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतीचा क्रमांक असतो, तोही पत्नीला पाठ आहे.

शेवटी थोडं कामाचं. महिन्यातून एकदा स्टेपनीतली हवा बघा. जागेवर पडून असलं तरी चाकातली हवा हळूहळू जातच असते, म्हणून तिच्यात चार पौंड जास्तच ठेवा. चाक बसवल्यावर कमी करता येते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. '२३१९' असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तो तयार झाला. न वापरलेलं रबरही म्हातारं होतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराला दाखवा, आणि दहा वर्षांनंतर कितीही नवा दिसला तरी त्याच्यावर विसंबू नका. चाक बदलताना माणसं उतरवून रस्त्यापासून लांब उभी करा, त्रिकोण मागे ठेवा, हँडब्रेक ओढा, समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड लावा. नट गाडी उचलण्याआधी सैल करा, उचलल्यावर नाही. आणि एखाद्या रविवारी दारातच एकदा चाक बदलून बघा. घरातल्या सगळ्यांनी. माझ्या पत्नीने खुर्चीत बसून मला सूचना दिल्या आणि त्यातली एक माझ्यापेक्षा बरोबर निघाली.

त्यानंतर दोनदा पंक्चर झालं. एकदा पंपाने हवा भरत भरत पोचलो. एकदा चाक बदलावं लागलं. शेजारच्या रानातला एक पोरगा धावत आला, पंचवीस मिनिटं लागली. दोन्ही वेळा आठच्या आत यंत्र सुरू झालं.

अजूनही मंगळवार-शुक्रवार चालूच आहे. पहाटे मी गाडी बाहेर काढतो, पत्नी डबा आणि फाइल घेऊन पायरीवर उभी असते. देवाला नमस्कार करून झाला की गाडीत बसायच्या आधी ती विचारते, "अहो, पाचवं बघितलंत का?"

बघितलेलं असतं. तरी मी पुन्हा एकदा डिकी उघडतो.